हिरा काचेवर असताना

काचेच्या दुकानात बडबड्या माणसाचं काम नाही, असं काचवाल्याचं ठाम मत होतं, आणि तो स्वतः दिवसभर बडबडायचा. गिऱ्हाइकाशी, सुताराशी, माल घेऊन येणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरशी, आणि कोणीच नसलं तर रेडिओशी. फक्त काच कापताना त्याचं तोंड बंद असायचं. काच कापायच्या पेनाच्या टोकाला हिऱ्याची कणी असते, म्हणून त्या पेनालाच धंद्यात हिरा म्हणतात. हिरा काचेवर टेकला की उचलेपर्यंत दुकानात कोणी अवाक्षर काढायचं नाही. काच ज्या रेघेवर मोडायची ती एका दमात ओढावी लागते, कापणारा श्वास धरून असतो. मध्येच कोणी चहाचं जरी विचारलं तरी हात बिचकतो, रेघ तुटते, आणि तुटलेल्या रेघेवर पुन्हा हिरा फिरवून भागत नाही. ती काच वाया जाते.

हा नियम त्याने फुटपट्टीला पहिल्याच दिवशी शिकवला होता. फुटपट्टी म्हणजे त्याच्याबरोबर दुकान चालवणारी आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याच्याबरोबर राहणारी बाई. घरोघरी जाऊन मापं घ्यायचं काम तिचं, उभं राहणं सरळ आणि बोलणं त्याहून सरळ, म्हणून त्याने ठेवलेलं हे नाव. ते आपल्याला आवडत नाही असं ती म्हणायची, पण हाक मारली की ओ द्यायची. वर्षभरात ती त्याच्यापेक्षा चांगली कापायला लागली. नियम मात्र तिने जिना चढून घरात नेला. अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना, सुईत दोरा ओवताना, रागाच्या भरात बोलण्याआधी जरा विचार करायचा असला तर, ती एवढंच म्हणायची की हिरा काचेवर आहे. मग दुसऱ्याने गप्प बसायचं. यामुळे आमची भांडणं निम्म्यावर आली, असं दोघंही लोकांना कौतुकाने सांगत.

एका मंगळवारी सकाळी शोकेसच्या काचा पुसता पुसता तिने सांगितलं की तिला दिवस गेलेत. आणि त्याने हातातलं फडकं खाली ठेवायच्या आत पुढचंही सांगून टाकलं.

"ठेवू नये असं वाटतंय मला. अजून नक्की नाही. हिरा काचेवर आहे, काही बोलू नकोस."

तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. रेडिओसुद्धा बंद ठेवला त्याने. सुताराला वाटलं, याचा घसा बसलाय.

आता हा बाबा नियमाला एवढा कधीपासून जागायला लागला, हे समजायला जरा मागे जावं लागेल. पूर्वी त्याचं लग्न झालेलं होतं. बायको बेकरीत कामाला होती, आणि संसार दोघांच्याही मनातून उतरलेला होता, अशा ऐन वेळी तिला दिवस गेले. तेव्हा त्याने तोंडाला कुलूप वगैरे लावलं नाही. मला मूल नको, हे त्याने बायकोला सांगितलं, सासूला सांगितलं, बेकरीच्या मालकालाही सांगितलं. बायको म्हणाली, तुला नको असेल, मला हवंय. ती वेगळी राहायला गेली आणि मुलगी झाल्यावर तिने पोटगीचा दावा लावला. मग हा एका वकीलबाईंकडे गेला. त्याचा प्रश्न त्याच्या मते बिनतोड होता: मूल ठेवायचं की नाही हे ठरवताना माझं ऐकलं नाही, तर मग पोसायची जबाबदारी माझी कशी? आरशांना दुकानात तोटा नव्हता. त्यांच्यासमोर उभं राहून त्याने या प्रश्नाची तालीमही केली होती. कोर्टात न्यायाधीशबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. पोटगी मुलीसाठी आहे, म्हणाल्या, आणि तुमच्या दोघांच्या वादात मुलगी कुठेच नव्हती.

मुकाट्याने, म्हणजे फक्त स्वतःशी शिव्या घालत, तो पोटगी भरू लागला. मुलगी चालायला लागली तोवर त्याने तिला पाहिलेलंही नव्हतं. मग एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्या आईला पिशवीत काहीतरी शोधायचं होतं, दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि जवळ दुसरं कोणी नव्हतं. तिने पोरगी त्याच्याकडे दिली. पोरीने त्याचा कान धरला तो सोडेचना. गडी तिथल्या तिथे विरघळला. महिन्याभरात तो त्याच वकीलबाईंसमोर त्याच खुर्चीत बसून, मुलीला भेटायचा बापाला हक्क असतो की नाही, म्हणून टेबल बडवत होता. एकाआड एक शनिवार मिळाला. ती पोर आता अकरा वर्षांची आहे, एका जागी म्हणून बसत नाही, तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिच्यासाठी तो जीव टाकतो. ती शनिवारी दुकानाच्या पायरीवर उभी राहून मोठ्याने हसली की त्याला दर वेळी आठवतं की हिच्याबद्दल आपण काय काय बोललो होतो, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हणून फुटपट्टीने सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. हे मूल त्याला हवं होतं. हातात फडकं घेऊन उभा असतानाच, त्या क्षणी, हवं होतं. पण मागच्या वेळी तोंड उघडून त्याने जन्माची चूक केली होती. या वेळी नियमच आड आला, तर बरंच झालं असं त्याला वाटलं. ती आपणहून विचारेल, मग सांगू. ती विचारेना. जेवताना ती त्याच्याकडे बघायची, हा ताटाकडे बघायचा. शेवटी एका रात्री दिवा मालवताना तिने सांगितलं की परवा सकाळी दवाखान्यात जायचं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी तो माप घ्यायला जातो असं सांगून निघाला आणि वकीलबाईंकडे जाऊन बसला. बाईंचे केस आता पांढरे झाले होते, खुर्ची तीच होती. त्यांनी त्याला ओळखलं. त्याने एका दमात सगळं सांगितलं. मूल मी वाढवीन, तिने बघूसुद्धा नये, तिच्याकडून कशाचीही अपेक्षा नाही, हवं तर तसं लिहून देतो. पण बापाच्या मनात असेल तर गर्भपात थांबवता येतो का? बाईंनी त्याचं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी भांडायला आलेला असा पक्षकार त्यांनी दुसरा पाहिलेला नाही. आणि उत्तर दोन्ही वेळा एकच आहे. तेव्हा तुम्हाला नको होतं म्हणून तिला पाडायला लावता आलं नाही, आता हवंय म्हणून हिला वाढवायला लावता येणार नाही. ज्याच्या शरीरात ते घडतं त्याने ठरवायचं. तुमचं मन पालटलं म्हणून कायदा पालटत नाही.

मग त्यांनी विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलंत का? त्याने हिऱ्याचा नियम समजावून सांगितला. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तिला अडवायचा हक्क तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "सांगायला कोणी अडवलंय?"

तो परत निघाला तेव्हा वाटभर वाक्य जुळवत होता. आधी हे, मग ते, आवाज चढवायचा नाही, भिंगरीचं नाव काढायचं नाही. दुकानाशी पोचेपर्यंत सगळं तोंडपाठ झालं होतं. फुटपट्टी टेबलावर वाकलेली होती. नाच शिकवणाऱ्या बाईंच्या हॉलसाठी मोठा आरसा हवा होता, दुकानातली सगळ्यात लांब काच तिने आडवी घातली होती, आणि हिरा त्या काचेच्या बरोब्बर मध्यावर होता.

"मला हवंय," तो दारातूनच म्हणाला.

तिचा हात उडाला. रेघ वाकडी झाली आणि थांबली. इतके दिवस जिथे बोलायला हवं होतं तिथे हा पठ्ठ्या मूग गिळून बसला, आणि ज्या एका वेळी बोलायचं नाही असा त्याचाच नियम, नेमका तेव्हा बोलला. तिने हिरा उचलला, डबीत ठेवला, डबी बंद केली. काचेकडे पाहिलंही नाही.

"त्या दिवशी दुपारपर्यंत गप्प बस असं म्हणायचं होतं मला," ती म्हणाली. "दुपारी मी वर तुझी वाट बघत बसले होते."

तूच म्हणाली होतीस की, असं काहीतरी तो पुटपुटला. ती म्हणाली, हो, मीच म्हणाले होते, आणि तू पडत्या फळाची आज्ञा घेतलीस. तिला वाटलं होतं, याला पहिल्या वेळेसारखंच नको असणार, फक्त या वेळी सांगायची लाज वाटत असणार. हे ऐकल्यावर त्याचं तोंडपाठ केलेलं सगळं सांडलं आणि पहिल्या झटक्यात भिंगरीचं नाव निघालं. मलाही नको होती ती, तो म्हणाला, किती बोललो होतो मी, आणि आता बघ. एकदा हातात आलं ना, की सगळं बदलतं. तुझंही बदलेल. रात्री मी उठेन, दुकान मी बघेन, तू फक्त तेवढे महिने काढ. बोलता बोलता तो रडायला लागला, आणि रडत असतानाही बोलायचा थांबेना.

तिने त्याला पाणी दिलं. त्याचं पिऊन होईपर्यंत ती थांबली.

"तू नको म्हणालास, तेव्हा भिंगरीच्या आईने ती पोटात वाढवली," ती म्हणाली. "जन्माला घातली. रात्री जागवल्या. सगळं झाल्यावर तू आलास आणि पोरीने तुझा कान धरला. तुला उशिरा यायची सोय होती. मला ती सोय नाही. मला पहिल्या दिवसापासून तिथे असावं लागेल, आणि मला नकोय."

इतकी वर्षं तो ती व्हरांड्यातली गोष्ट लोकांना रंगवून सांगत आला होता, आणि त्या गोष्टीत पोरीची आई फक्त पिशवीत काहीतरी शोधत असायची. जरा वेळाने त्याने विचारलं, त्या दुपारी वर आलो असतो, हेच सांगितलं असतं, तर? खोटं बोलणं तिला जमत नसे.

"नसतंच बदललं काही, बहुतेक," ती म्हणाली. "पण मग मी एकटीने ठरवलं नसतं."

वाया गेलेली काच त्यांनी दोघांनी मिळून उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. लहान तुकडे निघण्यासारखे होते. मग तिने विचारलं, उद्या येणार आहेस का? त्याच्या मनात राग होता. तिचा म्हणावा तर तिचा नाही, आणि दुसऱ्या कोणावर काढावा असं कोणी सापडत नव्हतं. त्याला ओरडून नाही म्हणावंसं वाटलं. तो खाली बघत उभा राहिला. या वेळी गप्प बसू नकोस, ती म्हणाली. तेव्हा तो येतो म्हणाला.

दवाखान्यातली बसायची खोली लहान होती. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात माशांची पेटी. पेटीच्या काचांचा जोड पिवळा पडला होता, लवकरच गळायला लागणार, हे त्याने बसल्या बसल्या हेरलं. समोर एक म्हातारे गृहस्थ डुलक्या घेत होते. फुटपट्टीने घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं, नर्सच्या मागोमाग ती आत गेली, आणि दार आपोआप लागलं.

त्याला फार दुःख झालं होतं. त्या दुःखाला चारचौघांत सांगण्यासारखं नावही नव्हतं. कोणी त्याच्यावर अन्याय केलेला नव्हता. त्याने सांगितलं होतं, तिने ऐकलं होतं, आणि ते पुरलं नव्हतं. मासे इकडून तिकडे जात होते. थोड्या वेळाने त्याने फोन काढला आणि भिंगरीच्या आईला लावला.

त्यांचं बोलणं फक्त शनिवारचं व्हायचं. किती वाजता, बूट कुठले, अभ्यास झालाय का. तिने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, या शनिवारचं काही बदलतंय का? तिच्या मागे बेकरीतले ट्रे आपटत होते. नाही, तो म्हणाला. आणि मग अकरा वर्षांत त्याच्या मनातही न आलेला प्रश्न त्याने विचारला.

"भिंगरी झाली तेव्हा दवाखान्यात तुझ्याबरोबर कोण होतं?"

ट्रेंचा आवाज लांब गेला. ती बाहेर आली असावी.

"कोणी नव्हतं," ती म्हणाली. "आई गावाला होती, तिला यायला दुसरा दिवस उजाडला. फरशी पुसायला एक बाई आल्या होत्या, त्यांचा हात मी धरून ठेवला. काम टाकून थांबल्या बिचाऱ्या." मग तिने विचारलं, "आज का विचारतोस?"

तो सांगायला शब्द शोधत होता तेवढ्यात आतलं दार उघडलं. नर्सने खोलीभर नजर फिरवली आणि बाईंबरोबर कोण आहे, असं विचारलं. काचवाला फोन कानालाच धरून उठला.

"मी आहे," तो म्हणाला.

पलीकडे भिंगरीच्या आईने नर्सचा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही ऐकलं, आणि फोन ठेवला.