तार नसलेला टेलिफोन

हॅलो, मी बोलतोय. खरं तर माझ्यावरून कुणालाच काही ऐकू जात नाही. मी एक जुना, काळा, जड टेलिफोन. तार केव्हाच तुटली. नंबर फिरवायची तबकडी अजून कर्र करून फिरते, एवढीच काय ती जिवंतपणाची खूण.

उमेदीची वर्षं मी एका मालवाहतुकीच्या कचेरीत काढली. लोक माझ्यात दिवसभर ओरडायचे. मग नवे फोन आले आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. तिथून मला एका तरुण मॅडमनी मागून नेलं.

"हा चालत नाही हो," कारकून म्हणाला.

"मला असाच हवाय," त्या म्हणाल्या.

मॅडम ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. फळ्यावरचे व्याकरणाचे तक्ते उतरवून घेणं त्यांना पटत नाही आणि आता मलाही पटत नाही. सगळे काळ वहीत सुखरूप, आणि तोंड मात्र बंद! काय उपयोग?

म्हणून इथे खेळ चालतात. एकाने शब्द न बोलता करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. एकदा वर्गातल्या न्हाव्याला 'अवेक', म्हणजे जागा, हा शब्द आला. तो बाकावर आडवा झाला, घोरला आणि एकदम डोळे फाडून ताडकन उठला. अख्खा वर्ग ओरडला, "अवेक!"

"अहो, गिऱ्हाइकाची दाढी करताना असे दचकत नाही ना?" शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसत होत्या.

माझा खेळ वेगळा. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकाच्या कानाला मी, दुसऱ्याच्या कानाला खडू पुसायचं डस्टर. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. डस्टरवाल्याला मॅडम गुपचूप एक चिठ्ठी देतात. तिच्यात एक आडवा प्रश्न असतो. "समोरचा माणूस तुमच्या वहीतलं बोलणार नाही," त्या म्हणतात.

मावशींची मुलगी परदेशात नोकरीला. एका शुक्रवारी मावशी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. मुलीच्या पोटाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. तिथल्या वॉर्डचा फोन घरच्यांसाठी रोज तासभरच खुला, आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. आणि मुलगी म्हणाली होती, "आई, तू फोन करू नकोस. तुला त्यांचं काही कळायचं नाही. बरं वाटलं की मीच करीन."

तरी आपणच फोन करायचा म्हणून मावशींनी चार इंग्रजी वाक्यं लिहून घोकली. वर्गातला एक वॉचमन डस्टर घेऊन नर्स झाला. पहिलं वाक्य मावशींनी न अडखळता म्हटलं. वॉचमनने चिठ्ठी बघून विचारलं, "व्हिच वॉर्ड?"

धाड! मावशींनी मला आपटलं.

पाच दिवसांत अकरा वेळा त्यांनी मला आपटलं. प्रश्न बदलला की मी खाली. मला धास्ती बसली, मी हिला बोलायला शिकवतोय की फोन ठेवायला? कचेरीत माझ्यामुळे फार तर एखादा ट्रक चुकायचा. इथे एक आई चुकणार होती.

बुधवारी वॉचमनने डस्टर खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हीच करा ना उद्या सरळ फोन. इथे मावशींचा जीव टांगणीला लागलाय आणि आपण चिठ्ठ्या कसल्या खेळतोय?"

मॅडमचा चेहरा उतरला. "मावशी, करू मी?"

मावशी गळ्यातली मापपट्टी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. मुलगी माझी आहे."

गुरुवारी सगळे चारच्या आधीच आले. मावशी खुर्चीत बसल्या. उजव्या हातात मोबाइल, आवाज पूर्ण मोठा केलेला, आणि मी मांडीवर. माझा रिसीव्हर त्यांनी डाव्या हातात घट्ट धरला होता, सवय म्हणून असेल. मॅडम खिडकीपाशी उभ्या, नखं खात.

फोन लागला. पलीकडून एक बाई भराभर काहीतरी बोलली. चारपैकी एकाही वाक्यात न बसणारं. मावशींचे ओठ हलले, आवाज आला नाही. बाईने पुन्हा विचारलं. मी ओळखलं, आता ठेवणार.

धाड!

त्यांनी मला ठेवलं. मला! मोबाइल कानालाच होता.

क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वहीत नसलेलं बोलल्या, "प्लीज. स्लोली. आय ॲम मदर."

मग ती बाई हळू बोलली, एकेक शब्द सुटा करून. मावशींनी मान वर केली आणि न्हाव्याकडे बघितलं.

"अवेक?" त्यांनी विचारलं. "माय डॉटर... अवेक?"

"येस, मदर. शी इज अवेक."

न्हावी बाकावर डोळे फाडून बसला होता. या वेळी तो नक्कल करत नव्हता.

आता माझ्या तबकडीला तडा आहे, रिसीव्हरचा एका बाजूने टवका उडालाय. पुढच्या सोमवारी वॉचमनची फोनवर मुलाखत आहे, आणि काल त्याने मला चार वेळा आपटलं. मला पुन्हा झोप नाही.

शिकवणाऱ्यांनो, एवढंच मागतो. तयार उत्तरं घोकायला लावू नका. आडवे प्रश्न विचारा, आणि माणसं घाबरली तर घाबरू द्या. आपटायचं तर मला आपटू द्या. माझं आता तुटायचं काही राहिलेलं नाही.

ठेवतो.