पट्टीवरचं कुंकू

त्या माणसाच्या चपला बघूनच इंदुमतीचं डोकं फिरलं. मोटारीची हत्यारं विकतो म्हणे, आणि चपलेवर तेलाचा एक ठिपका नाही! लग्न होऊन या घरात आल्याला तिला चार वर्षं झाली होती. नवऱ्याच्या सदऱ्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत जिथं हात लावावा तिथं ग्रीस. आणि हा गडी बघा, नखंसुद्धा पांढरी.

"या, या, श्रीकांतराव," दत्तात्रय असा पुढं धावला की जणू जावईच आला दारात.

हुबळीत स्टेशन रोडच्या मागच्या बोळात दत्तात्रयाचं मोटारदुरुस्तीचं शेड होतं आणि शेडच्या पाठीला दोन खोल्यांचं घर. देशपांडे नगरातल्या डॉक्टर-वकिलांच्या गाड्या तिथं यायच्या, पण घर खरं चालायचं ते लेथवर. सासऱ्यांनी वीस वर्षांमागं मिरजेहून आणलेला, पायानं चालवायचा, लोखंड कातायचा लेथ. स्टेशनकडचा कुठलाही मेस्त्री असू दे, पिना आणि बुश कातून घ्यायला शेवटी याच बोळात यायचा.

आणि तोच लेथ आज जाणार होता.

झालं होतं ते असं. कलघटगीच्या एका बसवाल्यानं नव्या बसचा सांगाडा बांधायचं काम दिलेलं, दिवाळीच्या आत. लोखंडी पट्ट्यांना दोनशे भोकं. छातीला टेकवून हातानं फिरवायचं ते जुनं ड्रिल घेऊन दत्तात्रयानं तीस भोकं पाडली, तर छातीवर हा एवढा काळानिळा वळ. तेवढ्यात कुठून तरी हा श्रीकांत उगवला. लढाई संपून वर्ष झालं होतं, अमेरिकन पलटणीचा माल जिकडंतिकडं विकायला निघाला होता. त्याच्याकडं विजेचं ड्रिल होतं. पैसे नकोत म्हणाला. ड्रिल घ्या, लेथ द्या.

"मी डोळ्यांनी बघितलंय फिरताना," काल जेवताना दत्तात्रय सांगत होता. "लॉजवर दाखवलं त्यानं. लोण्यात सुरी जावी तसं लाकडात गेलं बघ."

"लोखंडात?"

"लॉजवर लोखंड कुठलं आणायचं?"

"कसं लावलं विजेला? भिंतीत?"

"फळी होती त्याची. फळीवर हा मोठा बल्ब. तिथनं वायर."

"किती वाजता?"

"दुपारी बाराला. का ग?"

"दुपारी बाराला बल्ब कशाला लागतो?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून दत्तात्रय ताक प्यायला. पण जरा थांबून स्वतःच म्हणाला, "भोक पाडायला लागला की बल्बचा उजेड मोठा व्हायचा, हे मात्र खरं."

इंदुमतीला त्यातलं काही कळत नव्हतं. चौथीतनं शाळा सुटलेली. पण कळत नाही म्हणून खुपायचं थांबतं थोडंच.

आज खंडेनवमी. वेणूबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, पहाटेच शेड झाडून सडा घातला होता. पाने, कानशी, हातोडे, जॅक, सगळं घासून पुसून पाटावर ओळीनं मांडलेलं. झेंडूच्या माळा, कापलेल्या कोहळ्यावर कुंकू. आज हत्यार पुजायचं, चालवायचं नाही, जागचं हलवायचंही नाही. उद्या दसऱ्याला बन्नी, म्हणजे पानांचं सोनं, देऊन झाली की मग पहिला हात लावायचा. सासऱ्यांच्या वेळेपासून यात कधी फरक पडला नव्हता.

श्रीकांतनं पिशवीतनं ड्रिल काढलं. मोठ्या पिस्तुलासारखं, राखी रंगाचं, चकचकीत. कालची फळी कुठं दिसली नाही.

"फळी नाही आणली?" इंदुमतीनं विचारलं.

"वैनी, आज थोडंच चालवायचंय? आज पूजा!" तो हसला. "अक्का, हे पाटावर मधोमध मांडा. नवं हत्यार, पहिला मान त्याचा."

वेणूबाई खूश. परका माणूस, पण रीत जाणतो.

"आणि लेथ पूजेत घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "पुजला तर आज हलवता यायचा नाही. उद्या सकाळी माझी रेल्वे. आजच गाडीत चढवतो."

बाहेर बैलगाडी सोडून नागोजी गाडीवान विडी ओढत बसलाच होता.

वेणूबाईंचा हात कुंकवाच्या करंड्यावर थबकला. वीस वर्षं त्या लेथला पहिलं कुंकू लागत आलं होतं. त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा दुसरीकडं बघत होता.

इंदुमती खांबाला टेकून उभी होती. तिच्या डोक्यात हिशेब जुळला तो तिथं. जे न्यायचंय ते पुजायचं नाही, म्हणजे नेता येतं. जे ठेवायचंय ते पुजायचं, म्हणजे चालवून बघता येत नाही. वा रे वा! सगळे सण सोडून या बाबाला नेमका आजचाच दिवस सापडला.

"पहिला टिळा माझ्या हातचा असू दे," श्रीकांत म्हणाला, आणि वेणूबाईंच्या पुढ्यातला करंडा त्यानं ओढून घेतला. थेंबभर पाणी, मूठभर कुंकू. वेणूबाई प्रत्येक हत्याराला करंगळीच्या टोकाएवढा टिळा लावत आल्या होत्या. यानं ड्रिलच्या कुशीवर तीन बोटांनी लेपच थापला.

"एवढं कुंकू?" इंदुमती म्हणाली. "ड्रिल आहे का नवरी?"

नागोजी बाहेरनं खुसकन हसला.

"सुम्म, गप बस ग," वेणूबाई म्हणाल्या.

पण इंदुमतीची नजर त्या लेपावरनं हलेना. कुंकू वर लावतात, कपाळ असावं तिथं. याचं कुशीवर, खाली कोपऱ्यात. आणि लेपाच्या कडेला एक बारीक पितळी रेघ चमकत होती. आत कसलीतरी पट्टी होती.

"अहो, ती पट्टी कसली?"

"कंपनीचं नाव असतं," दत्तात्रय म्हणाला.

"तुम्ही वाचलंत?"

"इंदू, झालं का तुझं?"

"वाचलंत का नाही तेवढं सांगा."

मधेच श्रीकांत बोलला, "वैनी, अमेरिकेची अक्षरं ती. आणि आता कुंकू लागलं. लागलेलं कुंकू पुसतात होय?"

बाकी काहीही बोलला असता तर ती थांबली असती. पण हे वाक्य त्यानं आधीपासनं तयार ठेवलं होतं, हे तिला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

ती सरळ पाटाजवळ गेली, बसली, आणि पदराच्या टोकानं लेप पुसून काढला.

"इंदुमती!" वेणूबाईंचा आवाज फाटला. "नवमीच्या दिवशी! सवाष्ण बाई तू! नवऱ्याच्या हत्याराचं कुंकू..."

इंदुमतीचं तोंड थांबलं नाही. "बल्बवर काय असतं लिहिलेलं, अहो? मी आणते ना दुकानातनं. दोन, तीन, शून्य. बघून घ्यायचं म्हणून तुम्हीच शिकवलंत. इथं बघा. एक, एक, शून्य."

दत्तात्रय खाली वाकला. पितळेच्या पट्टीत कुंकू भरून आकडे लालभडक उठले होते. ११० व्होल्ट. त्यानं आकड्यांवरनं बोट फिरवलं. मग हळूहळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "आपल्याकडं दोनशेतीस. म्हणजे तो बल्ब... उजेडाला नव्हता. अर्धी वीज तो गिळत होता. आपल्या भिंतीत हे नुसतं लावलं असतं, तर दोन मिनिटांत आतनं जळून..."

"छे छे, अण्णा!" श्रीकांतचा आवाज तसाच गोड. "पलटणीच्या मालाला हे आकडे लागू नसतात. तिकडचा हिशेब वेगळा. मी शंभर ठिकाणी दिलंय."

आणि दत्तात्रय डळमळला. इंदुमतीला ते दिसलं. छातीवरचा तो वळ, ती एकशेसत्तर राहिलेली भोकं, सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याला ते ड्रिल हवं होतं. खोटं असलं तरी हवं होतं.

"तसंही असेल," तो पुटपुटला. "अमेरिकन..."

इंदुमतीला वाटलं, आता ते ड्रिल उचलून गटारात टाकावं. पण त्याआधीच वेणूबाई उठल्या. सुनेकडं बघितलंसुद्धा नाही. करंडा उचलला, लेथजवळ गेल्या, करंगळी बुडवली आणि चाकाच्या बरोबर मध्यावर टिळा लावला. मग पाटावरची सगळ्यात मोठी माळ काढून त्याच्या गळ्यात घातली.

"झाली पूजा," त्या म्हणाल्या. "आज काही हलत नाही. उद्या बन्नी देऊ, मग तुमचं मशीन या भिंतीत लावा. फळी नको, बल्ब नको. लोखंडात दहा भोकं पाडा. मग लेथ तुमचा. मीच ओवाळून देईन."

"अक्का, उद्या सकाळी माझी रेल्वे..."

"कसली रेल्वे?" नागोजी दारातनं आत डोकावला. बिचारा खरंच गोंधळला होता. "साहेब, उद्या दुपारी गणेशपेठेतला लेथ उचलायचाय म्हणालात की मला. दोन खेपा ठरल्यात आपल्या."

दत्तात्रयानं श्रीकांतकडं मान वळवली.

श्रीकांतनं ड्रिल उचललं. पाटावरनं, माळेसकट, पूजेतलं. वेणूबाईंनी डोळे मिटून घेतले. तो निघाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या नखांत कुंकू गेलं होतं.

"माझं भाडं?" म्हणत नागोजी गाडी जुंपून त्याच्या मागं.

दत्तात्रयानं खुंटीवरचा सदरा काढला.

"कुठं?"

"गणेशपेठेत. तिथला मेस्त्री ओळखीचा आहे." चपला घालता घालता तो थांबला. "तू तसं पुसायला नको होतंस."

"मग काय करायचं होतं?"

त्यानं दुसरी चपल पायात सरकवली. तो गेला.

वेणूबाईंनी सुनेला हात धुवायला लावले, देवापुढं बसवलं, आणि कपाळाला स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. जरा जोरातच लावलं.

दसऱ्याला बन्नी देऊन झाल्यावर दत्तात्रयानं जुनं ड्रिल घेतलं. छातीला उशी बांधली, तीच ग्रीस लागलेली, आणि पट्टीवर टेकला.

"एकट्यानं जमत नाही," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "मूठ फिरव."

इंदुमतीनं पदर खोचला आणि मूठ धरली. अडतिसाव्या भोकाला तिचा हात दुखून आला. तरी तिनं विचारलंच, "त्या माणसाला तुमचं नाव कुणी सांगितलं होतं हो?"

"कलघटगीच्या बसवाल्यानं."

तिचा हात थांबला. दोनशे भोकं देणारा आणि ड्रिलवाला धाडणारा एकच!

"फिरव ग बाई," दत्तात्रय म्हणाला. "निदान बस तरी होऊ दे."

तिनं फिरवलं. पण बसवाला येईल तेव्हा त्याच्या चपला बघायच्या, हे तिनं मनात पक्कं करून ठेवलं.