दोन ठिकाणी वाजणारा नंबर

मौन ही मनुष्यजातीला लाभलेली सर्वोच्च सिद्धी असून शब्द हे केवळ तिच्या वाटेवरचे खड्डे होत, असा निरोप वह्या-रजिस्टरं बांधणाऱ्या बाइंडरनी आपल्या फोनच्या व्हॉइसमेलवर स्वतःच्या आवाजात भरून ठेवला होता. निरोप दोन मिनिटं दहा सेकंदांचा होता. बीप वाजेपर्यंत धीर धरणारी माणसं फारच थोडी निघाली.

हा निरोप त्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी भरला. दुसऱ्या दिवशी घशातल्या गाठीचा तुकडा काढला गेला, आणि डॉक्टरांनी बजावलं, रिपोर्ट येईस्तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. गाठ साधी असली तर आवाज परत मिळेल. नसली तर आवाज जाईल, आणि त्याच्या मागोमाग बाकीचंही. हे शेवटचं डॉक्टर बोलले नाहीत. न बोलण्यात ते बाइंडरपेक्षा तरबेज होते.

आज अकरावा दिवस. दुपारचे तीन वाजले होते आणि बाइंडर घराखालच्या तळघरात कचेरीच्या रजिस्टरांना टाके घालत बसले होते. तळघरात फोनला रेंज मिळत नसे, म्हणून जावयाने गेल्याच आठवड्यात त्यांना इंटरनेटवर चालणारा नंबर टाकून दिला होता. वायफाय खाली पोचायचं. त्यावर फोन येई, मेसेज येई, आणि उचलला नाही तर तोच मौनाचा निरोप वाजून व्हॉइसमेल पडे. जावई हे सगळं समजावून सांगत असताना सासरेबुवा पाटीवर त्याच्यासाठी टेलिफोनचा इतिहास लिहीत होते. त्यामुळे समजावणं अर्धंच राहिलं.

फोन थरथरला. पडद्यावर 'दवाखाना' अशी अक्षरं आली. उचलून उपयोग नव्हता. बऱ्याच वेळाने व्हॉइसमेलची ओळ उमटली: अठ्ठेचाळीस सेकंद. बाइंडरनी सुई खाली ठेवली, हात पुसले, घोटभर पाणी प्यायलं. परत बघतात तो ओळीपुढे लिहिलेलं: 'ऐकला.'

त्यांनी ऐकला नव्हता.

डोळ्यांदेखत ती ओळ नाहीशी झाली. मग त्यांच्याच नंबरवरून, त्यांचं बोटही न लागता, दवाखान्याला मेसेज गेला: 'निरोप मिळाला. ह्यांना इतक्यात कळवू नका. घरून सांगू.'

उत्तर आलं: 'ठीक आहे. पण आठ दिवसांच्या वर जमणार नाही.'

फोनने टिंग केलं. अर्ध्या सेकंदाने छताच्या वर दुसरं टिंग झालं.

बाइंडरनी मान वर केली. वरच्या खोलीतला पलंग करकरला. जावयाचं अर्धं राहिलेलं वाक्य आता आपोआप पुरं झालं: नंबर एकच, पण तो दोन्हीकडे वाजणार, त्यांच्या फोनवर आणि बायकोच्या नव्या टॅबलेटवर. टॅबलेट आपला म्हणजे नंबरही आपला वेगळाच, अशी बायकोची ठाम समजूत होती. तिच्या ठाम समजुतींना धक्का लावायची चौतीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती.

पडद्यावर नवीन ओळी उमटू लागल्या.

'मी ताई. हा माझा नवा नंबर. रिपोर्ट आला.'

धाकट्या मेव्हणीचं उत्तर लगेच आलं. 'अगं बाई! काय म्हणाले?'

'आठ दिवस.'

'आठच?'

'मी महिना मागणार होते. त्याच्या आतच म्हणाले, जमणार नाही.'

'भावोजींना सांगितलंस?'

'वेडी का तू? कळलं तर एक दिवससुद्धा माझ्या हाती लागायचा नाही.'

बाइंडरनी आठ दिवस बोटांवर मोजले. रजिस्टरं नवव्या दिवशी द्यायची होती. म्हणजे कचेरीला ती स्वतःच शिवावी लागणार. हा विनोद सांगायला जवळपास कुणी नव्हतं, आणि सांगायची परवानगीही नव्हती. त्यांनी सुई परत उचलली. दोरा सुईत राहीना.

'ताई, रडतेयस का गं?'

'मघाशी रडून घेतलं. आता बरं वाटतंय. घर कसं शांत आहे बघ. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मला वाटायचं ते बंदच आहे.'

'मी येऊ?'

'ये ना. नंतर कुठलं असं निवांत बसणं!'

खाली टिंग, वर टिंग. एखादी पेटी दोन्ही बाजूंनी ठोकून बंद करत आणावी तसं. बाइंडरना वाटलं, पेटीच्या आत कोण आहे हे एकदा विचारून तरी घ्यावं. त्यांनी फोन उपडा ठेवला. तो उपडाही वाजला. त्यांनी तो परत सरळ केला.

'पण ताई, गाठ साधी निघाली एवढं तरी सांग त्यांना. जीव टांगणीला लागला असेल बिचाऱ्यांचा.'

'तेच सांगायला चाललेय खाली. बोलायला हरकत नाही म्हणाले, तेवढं फक्त आठ दिवस गाळते. एकदा सुरू झाले की मग आहेच जन्मभर.'

बाइंडरनी ते तीनदा वाचलं. घशावर हात ठेवला. दार बंद आहे ना, ते पाहिलं आणि तोंड उघडलं.

'अ,' ते म्हणाले.

गंजल्या बिजागरीसारखा आला, पण आवाज त्यांचाच होता. त्याच्यामागे अकरा दिवसांचं सगळं दातांशी येऊन दाटलं: विश्वासघात, दुसऱ्याचा निरोप ऐकणं, नवऱ्याचा जीव अर्धा करणं. प्रत्येकावर तासभर तरी बोलता आलं असतं.

वर चपला सरकल्या. जिन्याची पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली. तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि तिने नाक ओढलं. मघाशी रडून घेतलं असं ती म्हणाली होती. तेवढं पुरलेलं दिसत नव्हतं.

बाइंडरनी तोंड मिटलं. फोन घेतला आणि त्याच संवादात, बायकोच्या शेवटच्या ओळीखाली, एकेक अक्षर शोधत लिहिलं. जिन्यात, तिच्या हातातल्या टॅबलेटवर, टिंग झालं.

'मी भावोजी. आठ दिवस कबूल आहेत, तुझ्या ताईला सांग. आणि येताना किलोभर मैदा घेऊन ये, पुठ्ठे चिकटवायला खळ करायची आहे.'