भट्टीच्या दारातली हाक

यशवंतपूरच्या पलीकडे आमच्या कारखान्यात रंग वाळवायची भट्टी होती, खोलीएवढी. कुलपाची किल्ली माझ्याकडे. सफाईला आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला दारावरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून न्यायचा. एक जरी बिल्ला लटकत असला तरी कुलूप लागायचं नाही. शिवाय कुलूप लावण्याआधी मी एकेकाचं नाव पुकारत असे. ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची.

एकसष्ट साली विश्वासराव नावाचे नवे इंजिनीयर आले. त्यांना माझी हाक म्हणजे शाळेतली हजेरी वाटायची. "विठोजी, बिल्ले गेले म्हणजे माणसं गेली. पाच मिनिटं कशाला घालवता?" राग आला, पण गिळला आणि हाक मारणं बंद केलं. वर्षभर काही बिघडलंही नाही. मीही निर्धास्त झालो, हे माझं पाप.

त्या मंगळवारी दुपारी चौघे आत गेले. त्यांत रघुजी आणि त्याचा धाकटा भाऊ फत्तेसिंग. मल्लेश्वरमातल्या त्यांच्या घरात थोरल्याचा डबा, थोरल्याची छत्री, सगळं धाकट्याने उचलायची रीत. फत्तेसिंग बाहेर आला आणि सवयीने दोघांचेही बिल्ले घेऊन गेला. रघुजी मागच्या कोपऱ्यात पत्रा खरवडत होता. मला खिळे रिकामे दिसले. मी दार लावलं, कुलूप घातलं, आच सुरू केली. आचेबरोबर पंखेही सुरू होत, आणि त्यांच्या घरघरीत आतलं काही बाहेर ऐकू येत नसे.

नळावर फत्तेसिंग हात धूत होता. शेजारी कठड्यावर दोन बिल्ले. तुझा अण्णा कुठंय, मी विचारलं.

"असंल की बाहेरच. स्वल्प थांबा, बघतो."

मी थांबलो नाही, धावलो. पण दाराशी विश्वासराव उभे होते. खिळे रिकामे असताना आच बंद केली तर सगळा माल वाया जाईल, म्हणाले. आणि मी चांगला चाळिशीचा माणूस त्यांच्याशी वाद घालत उभा राहिलो. किल्ली माझ्याच मुठीत होती. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. फत्तेसिंग भिंतीकडे तोंड करून बसला होता. रघुजीची बायको जमनाबाई समोर येऊन बसली. ती रडली नाही.

"विठोजीअण्णा, तुम्ही हाक मारली असती, तर त्यांनी ओ दिली असती?"

हाक त्याला ऐकूच गेली नसती, असं खोटं बोलायचं ठरवूनच मी आलो होतो.

"दिली असती, अक्का," मी म्हणालो.