बिनजोडीचा मोजा

छकुलीने तपकिरी मोजा जमिनीवर आपटला आणि आत काहीतरी बारीकसं फुटलं. तिला गंमत वाटली. तिने पुन्हा हात उगारला.

सुनेच्या हातातली दुपटी गळून पडली. कपाटाचा खालचा खण सताड उघडा होता. त्यात सासऱ्यांचे लोकरी मोजे ओळीने निजवलेले, प्रत्येकाचं पोट फुगलेलं. एकातून पिळाच्या सीएफएल बल्बचं पांढरं टोक डोकावत होतं.

तिने छकुलीच्या हातातून मोजा सोडवला, तिला काखोटीला मारलं, पंखा बंद केला, खिडकी उघडली.

“अगं, झालं काय?” सासूबाई झाडू घेऊनच आल्या. “काच का? सरक, मी लोटते.”

“झाडू नका लावू, आई! पारा असतो त्यात, हवेत उडेल. आधी बाहेर चला!”

एवढ्या वरच्या पट्टीत ती या घरात कधी बोलली नव्हती. सासूबाई झाडू तिथेच टाकून बाहेर आल्या.

दार ओढून तिने डॉक्टरांना फोन लावला. सांगितल्याप्रमाणे छकुलीचे हात धुतले, झबलं बदललं, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तोंडात पाहिलं. छकुलीने मोठा ‘आ’ करून आजीलाही दाखवला.

“मोज्यातच राहिलंय म्हणजे बरंय, म्हणाले. पण लक्ष ठेवा.” तिने फोन ठेवला. “बाळाच्या खणात कशाला ठेवायचे हो असले बल्ब?”

“खण तेव्हा यांचा होता गं.” सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या. “कचरेवालीच्या तळव्यात काच घुसली होती एकदा. आपल्याच पिशवीतली. तेव्हापासून हे जुने बल्ब मोज्यात घालून ठेवायचे, नीट कुठेतरी नेऊन देऊ म्हणायचे. हे गेले. मला कुठलं ठाऊक, कुठे द्यायचे? मीही तशीच ठेवत गेले.”

खोलीत हवा खेळल्यावर सुनेने मोजा काचेच्या बरणीत ठेवला, फरशी ओल्या कागदाने टिपून तो कागदही आत टाकला.

“मोजा धुऊन...”

“नाही, आई.”

बरणीचं झाकण सासूबाईंनीच घट्ट फिरवलं.

जुने बल्ब घेणारा विजेच्या सामानाचा दुकानदार सापडला. त्याने बरणी आणि बल्ब वेगवेगळ्या खोक्यांत ठेवले, रिकामे मोजे परत केले.

“हे न्या, आजी. बल्बांना थंडी वाजत नाही.”

सासूबाई हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून छकुली रडली तरी त्या जागच्या हलत नसत. “घेऊ का गं हिला?” असं विचारत. सून “घ्या की” म्हणे, आणि दोघींनाही ते ऐकवत नसे.

मग जिन्यावरचा बल्ब गेला. सुनेने तो निवू दिला, काढला आणि खण उघडला. मोज्यांच्या जोड्या लावून ठेवलेल्या होत्या. एकच तपकिरी मोजा एकटा उरला होता. तिने बल्ब त्यात घातला आणि स्टूल माळ्याखाली ओढलं.

“आई, जरा धरता का? दुकानात नेईपर्यंत वर राहू दे.”

सासूबाईंनी एका हाताने स्टूल धरलं, दुसऱ्या हाताने सुनेचं पाऊल. मोजा माळ्याच्या पार आत सरकेपर्यंत त्या वर पाहत होत्या.

खाली छकुली रांगत आली आणि आजीच्या पदराला लोंबकळली. सून उतरली तेव्हा ती आजीच्या कडेवर होती. विचारायचं राहूनच गेलं होतं.