अकराला उत्तम

गणिताच्या बाईंनी तीस वर्षांत शंभरपैकी अकरा मिळवणाऱ्या कुणाचीही गय केली नव्हती. पालकांची सही आणल्याशिवाय त्या पोराला वर्गात पाऊल ठेवू देत नसत. त्यामुळे डॉक्टरांच्या खोलीत पाकीट फोडून 'शंभरपैकी अकरा' वाचलं, तसा बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

स्तन काढून सहा आठवडे झाले होते. काढलेल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत गेला होता, कॅन्सर पुन्हा डोकं वर काढेल का याचा अंदाज घ्यायला.

"नापास," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "सपशेल नापास!"

"अहो बाई, हे गुण नाहीत!" डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "हा धोक्याचा आकडा आहे. जितका कमी, तितकं चांगलं. हमी कुणीच देत नाही, पण केमो नको. रोज एक गोळी, बस्स!"

बाईंनी आकडा पुन्हा वाचला, मग मोठ्यांदा वाचला. पर्समधून लाल पेन काढून त्यांनी अकराभोवती गोल केला आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत 'उत्तम' लिहिलं. हा शेरा त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता.

"घ्या, सही करा," त्यांनी कागद नवऱ्यापुढे सरकवला. "पालक म्हणून."

सहा आठवड्यांत ज्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते हसत हसत सही करायला वाकले आणि ताज्या शाईवर टपकन थेंब पडला.

"अहो," बाई कडाडल्या, "पेपर भिजवू नका माझा!"