दोघांपुरती खोली

उसाने भरलेल्या ट्रॉलीला मागे टाकायला सविताने गाडी उजवीकडे घेतली आणि त्याच क्षणी फोन वाजला. समोर इमामपूर घाटाचं वळण होतं. गाडी पुन्हा ट्रॉलीमागे घेत तिने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

"सुप्यात खोली बघितली," तिच्या नवऱ्याचा, हनुमंताचा आवाज गाडीभर झाला. "दोघांपुरती आहे, पण कंपनीला चालत जाता येतं. आबांना थोरल्या भागवतदादाकडं ठेवू, तू म्हणतेस तसं. फक्त एवढ्यात त्यांना..."

"अहो, आबा..."

आवाज कमी करायला तिने दुसरं बटण दाबलं. तो वाढला.

"...सांगू नको. डोळ्याचं उरकू दे."

"मी गाडी चालवतेय. ठेवते."

शेजारच्या सीटवर आबा, तिचे सासरे, डोळ्यावर काळा चष्मा लावून बसले होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी काढायची तारीख उद्याची होती. दवाखान्याने आज सकाळीच बोलावून घेतलं, ते हनुमंताला कळवायचं राहून गेलं होतं.

ट्रॉली रांगत होती.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं. "गाडीच्या आवाजात काय समजलं न्हाई बघ."

चारही काचा बंद होत्या.

"काही नाही. कंपनीतलं," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली आणि चष्म्यातूनच बाहेर बघत राहिले.

घाट उतरला, पांढरीचा पूल आला. तिथल्या एका हॉटेलापुढे सविताने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. आबांना वाटलं, चहाला थांबलो. ते दाराची कडी चाचपू लागले.

"आबा, खोलीचं मीच म्हणाले होते," सविता समोर बघत म्हणाली. "रात्रपाळी करून ते सुप्याहून पार घोडेगावला घरी येतात. दोनदा डोळा लागला गाडी चालवताना. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

आबांचा हात कडीवरच थांबला. मग चष्मा काढून त्यांनी ओला डोळा रुमालाने टिपला; डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी सविताने अडवलं नाही.

"दोनदा?"

"हो."

"मला न्हाई बोलला." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "लाव फोन. उभ्या गाडीत बोलू."

सविताने फोन लावला. पलीकडून हनुमंत घाईने म्हणाला, "हां, बोल, पोचलीस का?"

"मी बोलतोय," आबा आवाज आला तिकडे वाकून म्हणाले.

"आबा? तुम्ही गाडीत?"

"खोलीत पानी कवा येतं, ते इचारलंस का? न्हाईतर ही बसंल बादल्या वाहत."